पावसाच्या तोंडावर सोडून दिलेली घोडी: सांभाळ, शिकवण आणि नवं घर

सुरंगी (१४ जून)

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. घरी दोन गाई आहेत. घोड्यातलं मला काही कळत नाही, म्हणून हा धागा.

मे संपला, पर्यटक परतले. सवारीसाठी आमच्या किनाऱ्यावर आणलेली एक घोडी मात्र मागेच राहिली. मालक दुसऱ्या तालुक्यातून हंगामापुरता आला होता. "न्यायला टेम्पोचं भाडं परवडत नाही," असं सांगून त्याने तिला सुरूच्या बनात सोडलं आणि तो गेला. पंधरा दिवस ती वाळूतलं खुरटं गवत आणि भेळेचे कागद खात होती. पोरं दगड मारायला लागली, तेव्हा आम्ही तिघी शेजारणी कोंड्याची बादली पुढे धरून तिला चालवत वाडीत घेऊन आलो. दीड किलोमीटरला तीन तास लागले. पोलिसांत कळवलं, पंचनामा झाला. मालकाने घोडी सोडत असल्याचं लिहून दिलं आहे.

बुटकी आहे, पाठीपर्यंत चार फूट दोन इंच. तांबूस रंग, काळी आयाळ, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून नाव कवडी. बरगड्या लांबूनही मोजता येतात. लगामाला तार गुंडाळलेली होती, त्यामुळे तोंडाचे दोन्ही कोपरे चिरलेत. पुढचे खूर वाढून फुटलेत. उजव्या कानाजवळ हात नेला की मान झटकून चार पावलं मागे सरते.

आत्ता ती गोठ्याच्या पडवीत उभी आहे. शेजारीपाजारी मायेने काही ना काही घेऊन येतात: गूळ, भात, कणकेचे गोळे, चपात्या. मी दिवाळीपर्यंत तिला नक्की सांभाळेन. त्यानंतर तिला कायमचं चांगलं घर हवं. त्यासाठी तिने आधी माणसाला जवळ येऊ द्यायला हवं. सुरुवात कुठून करू?

गोठ्यातला डॉक्टर (१४ जून, रात्री)

ताई, सगळ्यात आधी तो गूळ, भात आणि कणीक आजच्या आज बंद करा. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिठूळ, गोड खाणं मिळालं, की रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळतो आणि जनावर दगावू शकतं. हे बहुतेकदा उपाशी असताना होत नाही, खायला मिळू लागल्यावर होतं. आणि गाय-घोड्यात एक मोठा फरक आहे. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं बाहेर यायला एकच वाट.

फक्त सुकं गवत द्या, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. घाटावरून वाळलेली लसूणघास मिळाली तर त्यात मिसळा. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर तिचं अंग भरणार नाही. वास येणारा, बुरशी धरलेला पेंढा तर अजिबात नको. पाणी कायम समोर असू द्या.

वजन काढायला काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. येईल ते किलो. त्याच्या दोन टक्के कोरडा चारा रोज, पण तिथपर्यंत आठ-दहा दिवसांत हळूहळू जा.

ती किनाऱ्यावरची आहे म्हणजे पोटात वाळू असणार. लीद टाकल्या टाकल्या वरवरचे, जमिनीला न लागलेले पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत घ्या, पाणी घालून ढवळा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. तळाशी काय बसतं ते इथे सांगा.

तालुक्याच्या दवाखान्यातून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, आणि तिच्या तोंडाला जखमा आहेत. रक्ताचा नमुना ग्लँडर्ससाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाईल असं पाहा. हा आजार माणसालाही होतो आणि घोड्यात निघाला तर कायद्याने त्याला संपवावं लागतं. अहवाल येईपर्यंत हातमोजे घाला, तिची बादली वेगळी ठेवा, दुसरं घोडं-गाढव जवळ आणू नका. गाईंची काळजी नको, त्यांना तो होत नाही.

गडगेकार (१५ जून)

गो बाय, वाडीच्या कुंपणाक कण्हेर आसा काय ता आधी बघ. आमच्या शेजाऱ्याची गाय कण्हेरीचो पालो खाऊन एका रातीत गेली. घोड्याक तर चार पाना पण पुरे. आणि तेका माडाखाली बांधू नको, झावळ पडात.

सुरंगी (१५ जून)

कण्हेर होती! न्हाणीघरामागे, लाल फुलांची, सासूबाईंनी लावलेली. सकाळीच मुळासकट काढली. पाला गुरांच्या वाटेवर पडू नये म्हणून खड्डा करून पुरला. तुमचे उपकार आहेत, दादा.

माडबन (१६ जून)

ताई, मन दुखवायचं नाही, पण हिशेब मांडलाय का? घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं. दूध नाही, शेतीचं काम नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, तेव्हाही घोड्यांचं आणि हाकणाऱ्यांचं पुनर्वसन करायला सरकारला सांगावं लागलं होतं. सोडवणं एका दिवसाचं असतं, सांभाळणं रोजचं. शेजारच्या किनाऱ्यावर एखाद्या बऱ्या घोडेवाल्याला दिली तर त्याचंही भागेल आणि तिचंही.

पुळणीवर (१६ जून)

मी तो घोडेवाला. रायगड जिल्ह्यात एका किनाऱ्यावर माझे दोन घोडे आहेत. आजोबांपासूनचा धंदा.

माडबन दादा, देऊ नका. माझ्यासारख्यालाही नको. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगतो. तोंड तारेने फाटलेली घोडी परत लगाम घेते, कारण तिच्या हातात काही नसतं. पण गिऱ्हाईक पाठीवर असताना एखाद्या दिवशी तिला सहन होत नाही, ती उधळते आणि पडतं कुणाचं तरी लेकरू. ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या १९६५ च्या नियमात टोचणारा लगाम चालतच नाही, आणि तट्टाच्या पाठीवर ७० किलोच्या वर ओझं नको असंही आहे. किनाऱ्यावर किती जण ७० च्या आत असतात? मी वजन विचारतो. लोक चिडतात, निघून जातात. जाऊ देत.

ताई, कानाचं सांगतो. घोडं जागचं हलू नये म्हणून कान धरून पिरगळायची काही जणांना सवय असते. पटकन काम होतं. पण तो कान पुढे कायमचा दुखरा होतो, बाहेरून दिसत काहीच नाही. त्या बाजूने जाऊ नका. डावीकडून जा, खांद्याशी थांबा. आमच्या सगळ्या घोड्यांना डावीकडच्या माणसाची सवय असते.

सगळे घोडेवाले असे नसतात, हेही लिहून ठेवतो. मी पावसाळ्यात उधारीवर चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, आणतो, पण घोडे सोडत नाही.

सुरंगी (२४ जून)

दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मनापासून आभार.

छातीचा घेर १३४, लांबी १२८. वजन १९३ किलो आलं. ग्लँडर्सचा अहवाल आला, नाही निघालं! धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. तोंडाच्या चिरा मिठाच्या कोमट पाण्याने पुसायला सांगितल्यात, पण ती तोंडाला हात लावू देत नाही. म्हणून तेच पाणी लांबूनच पिचकारीने हळूच सोडते.

बरणीचा प्रयोग केला. पंधरा मिनिटांनी बरणीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर बसला होता. बारीक, करडी, मध्ये शिंपल्यांचे चुरे चमकत होते. एवढी वाळू पोटात घेऊन ही बाई पाठीवर माणसं वाहत होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबाने इसबगोल सुरू केलं आहे. चारा आता जमिनीवर न टाकता घमेल्यात देते.

ती खाते, पण मी दहा हातांवर असेन तरच. जवळ गेले की खाणं सोडून कोपऱ्यात जाते. हातावर गूळ ठेवून बोलवू का?

नालबंदाची लेक (२५ जून)

ताई, हातावर काही देऊ नका. भुकेलेलं घोडं हाताकडे येतं ते गुळासाठी. भीती तशीच राहते, वर चावायची सवय लागते. माझे वडील सातारकडचे नालबंद, त्यांच्याबरोबर पागांमधून हिंडत मोठी झाले. ते म्हणतात, घोडं काय मागतं ते आधी द्यावं. तुमची कवडी अंतर मागते आहे. ते तिला द्या.

रोज एका ठरावीक वेळी तिच्या आवारात जाऊन बसा. तिच्याकडे बघू नका, आपलं काही काम करा. अर्ध्या तासाने उठून जा. ती जवळ आली तरी हात पुढे करू नका. वास घेऊ दे, निघून जाऊ दे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. आपण मायेने नेमका कपाळावरच हात न्यायला बघतो! त्याच्या दृष्टीने तो हात कुठूनतरी अचानक उगवतो.

पुढे ती खांद्याशी उभं राहू देईल, तेव्हा मान जिथे पाठीला मिळते तिथे बोटांनी खाजवा. घोडी एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात. तीन-चार वेळा खाजवून तुम्हीच दोन पावलं मागे या. मागे येणं महत्त्वाचं. तिने मान वर केली, कान मागे पाडले, नाकपुड्या आवळल्या, की त्याच क्षणी हात काढा. तिने नाही म्हटलं आणि तुम्ही ऐकलं, हे तिला शंभर वेळा दिसू द्या. दोराचंही तेच: ती एक पाऊल आली की दोर लगेच सैल. ओढल्याने काही शिकत नाही, सैल सोडल्याने शिकते. उशिरा सोडलात तर काय केल्यामुळे सुटका झाली ते तिला कळत नाही.

दिवसाला दहा मिनिटं पुरे. आणि तिला एकटं ठेवू नका. घोडं कळपातलं जनावर आहे. दुसरं घोडं नसेल तर गाय, शेळी, काहीही चालेल, पण डोळ्यांसमोर सोबत हवी.

सुरंगी (६ जुलै)

मी वह्या घेऊन बसते. सातवीच्या, निबंधाच्या. उपडी बादली, डोक्यावर इरलं, मांडीवर वह्या. पाचव्या दिवशी ती मागून आली आणि वहीचा वास घेतला. मी लाल पेन तसंच धरून बसले. तिच्या श्वासाने पान हललं. आठव्या दिवशी तिने माझ्या खांद्याजवळ मान आणली, मी खाजवलं, तीनदा मोजून, आणि उठून निघाले. ती माझ्यामागून बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, आली!

आमची पांढरी गाय तिच्या शेजारी बांधते आता. दोघी एका लयीत शेपट्या हलवतात.

सुरंगी (१२ जुलै)

मंडळी, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. लिहायला चार दिवस लागले.

खूर कापायला इकडे कुणी मिळत नव्हतं. बैलांना पत्र्या मारणारे एक गृहस्थ आठ तारखेला येणार म्हणून कळलं. एकदा चुकले की महिनाभर येत नाहीत. कवडी तोवर फक्त खांद्याला हात लावू देत होती, पायाला मी एकदाही हात लावला नव्हता. ते म्हणाले, बैलाला पाडतो तसं दोर टाकून पाडू, पाच मिनिटांचं काम आहे. मी हो म्हणाले. त्यांचा दोष नाही. त्यांना बैलांचं काम येतं, आणि तिला ओळखत होते ती मी.

चौघांनी दोर टाकला. ती पडली नाही, मागे ओढत राहिली, दोर तुटला आणि ती चिऱ्याच्या गडग्यावर आपटली. गुडघा सोलला. मग पावसात गोठ्याच्या मागे जाऊन तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तशीच. तिचं पोट थरथरत होतं ते मला पडवीतून दिसत होतं.

आता मी बेड्यात पाऊल टाकलं तरी ती लांब जाते. वहीकडेही येत नाही. सगळं संपलं का?

नालबंदाची लेक (१२ जुलै)

नाही ताई, संपलं नाही. घोडं विसरत नाही हे खरं. पण ते एकच गोष्ट लक्षात ठेवत नाही. तुम्ही दोन आठवडे बसलात तेही तिच्यात आहे. उद्या परत बादली उपडी करा आणि बसा, पहिल्या दिवशी बसलात तितक्याच लांब. मनातल्या मनात माफी मागत तिच्या मागे मागे जाऊ नका. तिला तो पाठलागच वाटेल.

घाई कुणाची होती ते बघा. खुराला एक महिना उशीर चालला असता. माझ्या वडिलांना मी तिचं सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, जिचा पाय तिने स्वतः दिलेला नाही तिचा खूर मी कापत नाही. ती पाय देईल तेव्हा कळवा, ते स्वतः येतील.

गोठ्यातला डॉक्टर (१३ जुलै)

गुडघ्याची जखम रोज धुवा, माशी बसू देऊ नका. सूज वाढली किंवा लंगडली तर १९६२ या नंबरवर फोन करा, फिरता दवाखाना येतो.

खुरांचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सतत ओल्यात उभं राहिलं की खुराच्या तळातली त्रिकोणी मऊ गादी कुजते. काळा चिकट पू आणि तोंड फिरवावं असा वास. तिला उभं राहायला एक कोरडी जागा हवीच. पडवीचा ओटा उंच असेल तर त्यावर लाकडाच्या गिरणीतला कोरडा भुसा पसरा, ओला झाला की बदला. कुणी वाळू टाका म्हणेल, टाकू नका. ती वाळूत पडलेलं काडीकाडी वेचून खाणार.

दुसरं, पावसाळ्यातल्या मोठ्या चावऱ्या माश्या. त्यांच्यापासून सर्रा होतो. ताप येतो-जातो, जनावर खंगतं, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि वेळेत कळलं तर औषध आहे. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण पडवी धुराने कोंडू नका.

हिरव्या गवताचाही मोह आवरा. जुलैतलं कोवळं गवत पोटभर चरू दिलंत तर खुरांच्या आतल्या भागाला सूज येते आणि तट्टांना ती चटकन येते. रोज थोडा वेळच चरायला सोडा, बाकी सुकं.

सुरंगी (२७ ऑगस्ट)

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. मी बसत होते, ती लांब उभी राहत होती. बावीस दिवस. तेविसाव्या दिवशी ती आली.

मग पायांचं काम पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी तिच्या तब्येतीने. हात खांद्यावर ठेवायचा, कोपरापर्यंत उतरवायचा, काढायचा. दोन दिवस तेवढंच. मग गुडघ्यापर्यंत. सोललेल्या गुडघ्याशी तिने श्वास रोखला, तिथून मी चार दिवस परत फिरले. पाचव्या दिवशी हात गुडघ्यावरून खाली गेला आणि तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं. खूर जमिनीवरून दोन बोटं उचलला गेला. मी धरला नाही, हात काढून घेतला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, जबडा हलवला, चावल्यासारखं केलं आणि खूर परत उचलला! मी न सांगता.

काल डावा पुढचा खूर माझ्या मांडीवर मिनिटभर होता. तळव्यातली घाण काडीने काढली. वास येत होता, पण आत लाल नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध लावलं. माझ्या परकराला अजून त्याचा काळा डाग आहे.

गणपतीत फटाके होतील, त्याची धास्ती वाटते आहे.

पुळणीवर (२८ ऑगस्ट)

फटाक्यांच्या वेळी तिला मोकळं ठेवा, बांधू नका. गाय शेजारी असू द्या. आणि तुम्ही बादलीवर बसा. माझ्या घोड्यांजवळ मीही बसतो.

सुरंगी (२९ सप्टेंबर)

गणपती पार पडले. नालबंद काका येऊन गेले! सातारहून एवढ्या लांब, एसटीने, पिशवीत हत्यारं घेऊन. आधी अर्धा तास चहा पीत तिच्याजवळ नुसते उभे राहिले. मग चारही खूर केले. मागचा उजवा तिने दोनदा काढून घेतला, दोन्ही वेळा काकांनी सोडला. नाल मारू नका म्हणाले, मऊ मातीत उघडाच खूर बरा, दर सहा-सात आठवड्यांनी कापायचा.

एक विचारायचं आहे. आता मी तिला मोहरकी (तोंडात लगाम नसलेली, डोक्यावरची दोरी) घालून पाणंदीने फिरायला नेते, दोर सैल ठेवून. छान चालते. पण जुन्या विहिरीच्या थोडं पुढे गेलं की आपोआप वळते आणि घराकडे तोंड करते. घाबरत नाही, अडून बसत नाही, नुसती वळते. दुसऱ्या वाटेने नेलं तरी तेवढ्याच अंतरावर. मी पावलं मोजली, माझी दोनशेच्या आसपास भरतात.

पुळणीवर (२९ सप्टेंबर)

ताई, ती तिची फेरी आहे. झेंड्यापासून खडकापर्यंत, तिथून परत. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. तिथे वळलं नाही तर मार बसतो, वळलं तर पुढचं गिऱ्हाईक. तिच्या लेखी जग तिथेच संपतं.

आज माझ्या घोड्यांना मी पहिल्यांदा खडकापलीकडे नेलं, ओहोटीला, रिकाम्या पाठीने. तुमचा प्रतिसाद वाचून.

नालबंदाची लेक (३० सप्टेंबर)

वळू दे, रागवू नका. ती वळायच्या पाच पावलं आधी तुम्हीच थांबा, खाजवा, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा परत फिरा. उद्या तिथून चार पावलं पुढे थांबा. तिथे घमेल्यात थोडं गवत ठेवलेलं असू दे.

सुरंगी (१२ ऑक्टोबर)

विहिरीच्या पुढे आता आम्ही पाराच्या वडापर्यंत जातो.

वजन २२० किलो. बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. उजव्या कानाच्या मुळाशी मी परवा बोट टेकवलं आणि काढलं, तेवढं पुष्कळ झालं.

आता घर. तिला माझ्याकडे ठेवावं असं रोज वाटतं, हे लपवत नाही. पण मी दिवसभर शाळेत, आणि गाय कितीही प्रेमळ असली तरी कवडीला घोडं हवं. म्हणून इथेच लिहिते. घेणाऱ्याकडे दुसरं घोडं असावं. सवारीसाठी, लग्नाच्या वरातीसाठी, गाडीला जुंपायला मिळणार नाही. तोंडात लगाम परत कधीच नाही. पैसे घेणार नाही, पण लेखी करार होईल: जमलं नाही तर तिसऱ्या कुणाला न देता मलाच परत द्यायचं. आणि नेण्याआधी निदान चार वेळा येऊन तिच्याजवळ बसायचं.

खाडीपलीकडची (१३ ऑक्टोबर)

ताई, जूनपासून रोज वाचते आहे, पहिल्यांदा लिहिते. मी दापोली तालुक्यात, दाभोळच्या वरच्या अंगाला राहते. आमची आंबा-काजूची बाग आहे, बागेला गडगा आहे. बाबांनी हौसेने आणलेली एक म्हातारी घोडी आहे, वीस-बावीस वर्षांची. तिची जोडीदारीण गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून ती संध्याकाळी बेड्यापाशी उभी राहून खिंकाळते. उत्तर येत नाही.

चारदा नाही, आठदा येईन. फेरीबोटीने धोपाव्याला उतरले की तुमचं गाव लांब नाही. माझी बादली मी घेऊन येऊ का?

माडबन (१४ ऑक्टोबर)

जूनमध्ये मी घोडेवाल्याला द्या म्हणालो होतो. तेव्हा मला चुकीचं वाटत होतं असं नाही, पण आता वाटतं. नेण्या-आणण्याचा खर्च माझ्याकडे, कृपया नाही म्हणू नका. माझी पिकअप आहे, बोलेरो. फळ्यांवर काथ्याची जाड चटई ठोकून देतो म्हणजे पाय घसरणार नाहीत.

गोठ्यातला डॉक्टर (१४ ऑक्टोबर)

दोन गोष्टी. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला बरोबर ठेवा. आणि म्हाताऱ्या घोडीचंही रक्त ग्लँडर्ससाठी तपासून घ्या, म्हणजे दोघी निर्धास्त एकत्र राहतील. पहिले आठ दिवस मध्ये कुंपण ठेवा.

आणखी एक, या धाग्याशी तसा संबंध नसलेलं. आपल्याकडे फुरसं चावलं की जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून बनते. माझ्या नोकरीच्या काळात कोकणात ती वेळेवर मिळून वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे "घोड्याचा उपयोग काय" हे कुणी विचारलं की मला वाईट वाटतं.

सुरंगी (९ नोव्हेंबर)

गाडीत चढायला शिकवणं हे मी सगळ्यात अवघड समजत होते. माडबन दादांनी फळीचा उतार करायच्या ऐवजी गाडी उलटी आणून भाताच्या खाचराच्या बांधाला लावली. बांध आणि गाडीचा तळ एका पातळीत आले. चढायचं काही राहिलंच नाही.

पहिले तीन दिवस गाडी नुसती उभी. आत गवताचं घमेलं. चौथ्या दिवशी पुढचे दोन पाय आत, मी लगेच मागे घेतलं. आत येण्याइतकंच बाहेर येता येतं हे तिला कळायला हवं होतं. आठव्या दिवशी चारही पाय. मग मागची फळी लावून उघडणं, मग इंजिन सुरू करून बंद करणं, मग पारापर्यंत जाऊन येणं. फेरीबोटीचं लोखंडी फळकूट आपटतं तो आवाज मी धक्क्यावर जाऊन मोबाइलवर घेतला आणि ती खात असताना आधी अगदी बारीक लावला, रोज थोडा मोठा. तिसऱ्या दिवशी तिने कान वळवले आणि खात राहिली. पांढऱ्या गायीला मात्र आवडला नाही.

खाडीपलीकडची सहा वेळा येऊन गेली. सहाव्यांदा कवडी माझ्याकडे न येता आधी तिच्याकडे गेली. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

खाडीपलीकडची (२३ नोव्हेंबर)

पोचली. सगळे वाट बघत असाल म्हणून आधी तेवढं लिहिते.

सकाळची पहिली बोट धरली. गर्दी नव्हती. दोर सैल, तोबऱ्यात गवत. खाडीच्या मध्यावर तिने मान उंच करून वारा हुंगला, मग परत खायला लागली. फळकूट आपटलं तेव्हा माडबन दादाच दचकले.

बागेत उतरवल्यावर म्हातारी कुंपणाशी आली. दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या, एकदा किंचाळल्या, पाय आपटले. मी घाबरले, पण नालबंदाच्या लेकीने हे आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी म्हातारी बेड्याकडे गेलीच नाही.

काल रात्री टॉर्च घेऊन बघायला गेले तर कवडी आडवी झोपली होती. चारही पाय पसरून. ताई म्हणाल्या होत्या, त्यांच्याकडे तिला आडवं पडायला सप्टेंबर उजाडला होता. मी टॉर्च विझवला आणि परत आले.

उजव्या पुढच्या खुराची कड थोडी उडाली आहे. लंगडत नाही.

नालबंदाची लेक (२४ नोव्हेंबर)

कड उडाली ती बहुतेक गाडीत. बाबा म्हणतात हात लावू नका. ते सहा डिसेंबरला येतील, म्हातारीचेही खूर त्याच दिवशी करतील. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ खूर उचलून बघत राहा, म्हणजे तिची सवय मोडणार नाही.

खाडीपलीकडची (२४ नोव्हेंबर)

चालेल. सुरंगीताई, सहा डिसेंबरला तुम्हीही या. दुपारची बोट धरलीत तरी पोचाल. वह्या घेऊन या, बादली इथे आहे.